गेरू-चुन्याखालचा खडक

गुरुजी, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी परवा शाळेत जो तमाशा झाला तो सांगायला मला दुसरं कोणी सापडलं नाही.

शाळेमागच्या त्या खडकापुढे तुम्ही आम्हा चौथीच्या पोरांना उन्हात बसवायचात. वर काळा दगड, खाली हातभर पांढुरका पट्टा, आणि त्या पट्ट्यात दगड होऊन बसलेल्या बारक्या गोगलगाई. त्या दगडात कशा आल्या, तुम्ही विचारलंत. मी आपली पुस्तकात उत्तर शोधून राह्यले, तर तुम्ही पुस्तकच हिसकावलंत. "डोये कशाले देले देवानं? आधी पाह्य, मंग बोल!" मी घरी जाईपर्यंत रडत होते.

आता त्याच शाळेत मी भूगोल शिकवते. यंदा हैदराबादहून योजना आली, शाळामास्तर आणि भूशास्त्रज्ञ यांची जोडी लावायची. शास्त्रज्ञ शाळा पाहून जाणार, पसंत पडली तर वर्षभर येऊन पोरांना गावातलेच दगड-माती वाचायला शिकवणार. योजना समजावायला आदिलाबादला सगळ्या शिक्षकांना बोलावलं. काय ते एकेक विद्वान! अर्धे जेवून पसार. उरलेल्यांना एकच शंका, "हजेरीचा कागद कवा भेटंल?" एक महाशय तर उठून म्हणाले, "आमच्याकडं दगड नाईत सर, नुसती काळी माती हाय." ती माती काय आभाळातून पडली? असल्यांच्या हाती लोक पोरं देतात.

मग शास्त्रज्ञ आमच्याकडे येणार ठरलं आणि हेडमास्तरांच्या अंगात आलं. "साहेब येऊन राह्यले, शाळा चकाचक दिसाले पायजे!" साहेब कुठलाही असो, आमच्याकडे स्वागत एकच. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, कुंड्यांना गेरू-चुना, आणि गुरुजी, त्या अख्ख्या खडकालाही गेरू-चुना. वर निळ्या रंगात, मराठीत आणि तेलुगूत, 'पृथ्वी वाचवा'. डोकं घरी ठेवून नोकरीला येतात मेले!

शास्त्रज्ञ आला. पोरगेलासाच, खांद्याच्या पिशवीत हातोडी. खडकापुढे येऊन थांबला. हेडमास्तर त्याच्या अंगावर शाल टाकायला धडपडताहेत आणि तो एका जागी चुन्यावरून बोट फिरवतो आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यांना नावं ठेवतेय, पण रंग मारला तेव्हा मी तिथंच खुर्ची टाकून बसले होते. "मॅडम, इथं बी मारू का?" रंगाऱ्यानं मलाच विचारलं. मी मान हलवली. खडक झाकला की मला त्याबद्दल कोणी काही विचारणार नव्हतं. अठरा वर्षं भूगोल शिकवते, एकही वर्ग तिथं नेला नाही. त्या गोगलगाई दगडात कशा आल्या, मला आजही सांगता येत नाही. तुम्ही हयात असता तर हे लिहायची हिंमत झाली नसती.

जाताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, ये धुल जाएगा. बच्चों से धुलवाइए और मुझे फोन कीजिए, मैं आऊँगा." कागदावर नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी पोरींनी विचारलं, "मॅडम, ते सर परत कवा येतेत?"

"नाई येत. त्यायले आपली शाळा पसंत नाई पडली," मी म्हणाले, आणि पुस्तक उघडायला लावलं.