इशिताचा लेगब्रेक

५ एप्रिल, शनिवार
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांना ही सवय असते.

निर्णय झाला. मी कोच होणार. माझा जन्म किराणा दुकानात भेंडी निवडायला झालेला नाही.

झालं असं. सकाळी इशिताचं सॉफ्टबॉल बघायला गेलो. इशिता म्हणजे केदारदादाची मुलगी, वय दहा, मला काका न म्हणता दादाच म्हणते. केदारदादा माझा आतेभाऊ, त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत मी राहतो. इशिता पिचर आहे. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त हात चक्रासारखा फिरवून बॉल खालून सोडायचा. बॉलचं नाव सॉफ्ट, लागतो नारळासारखा.

त्यांची कोच बेथनी म्हणून एक बाई आहे. तिने पोरींना गुडघ्यावर बसवून तासभर नुसतं मनगट झटकायला लावलं. बॉलला काळ्या टेपची पट्टी गुंडाळलेली. पट्टी हवेत सरळ फिरली तर स्पिन बरोबर, डगमगली तर चूक. महिनाभर हेच चाललंय म्हणे. बालवाडी!

स्पिन मला विचारा ना. कोरेगावात तालुक्याच्या फायनलला लेगस्पिनवर तीन विकेट काढल्यात मी.

३१ मेला समरच्या ऑल-स्टार टीमची निवड आहे. पिचरची एकच जागा शिल्लक. इशिताला तीच पाहिजे. फ्रिजवर तारीख लिहून ठेवलीय तिने. मिळवून देतो.

संकल्प: पाचला उठणे. रोज दहा इंग्लिश शब्द. सोमवारपासून जीईडीचा क्लास (इथली बारावी).

६ एप्रिल
नऊला उठलो. टाइम झोनमुळे. अमेरिकेत येऊन चौदा महिने झाले, पण शरीर ते शरीर.

७ एप्रिल, सोमवार
क्लासला गेलो. सरांनी अपूर्णांकापासून सुरू केलं. पाव अधिक अर्धा किती. पंचवीस वर्षांच्या माणसाला! ब्रेकमध्ये निघून आलो. मी डायरेक्ट परीक्षाच देणार. पायऱ्या ज्यांना उडी मारता येत नाही त्यांच्यासाठी असतात. (हे वाक्य चांगलं झालं. कोच झाल्यावर वापरायचं.)

१२ एप्रिल, शनिवार
इशिताच्या बॅगेत बेथनीबाईंचा कागद सापडला. आधी स्पिन. मग सरळ फास्टबॉल. मग चेंजअप, म्हणजे हात तसाच जोरात पण बॉल हळू. मग ड्रॉप, तो बॅटरजवळ खाली बुडतो. बाकीचं सगळं मनगट मोठं झाल्यावर. आणि दहातले आठ बरोबर पडल्याशिवाय पुढची पायरी नाही. तू कुठे आहेस म्हटलं, तर म्हणाली, स्टेप टू. हे लोक माणसाला असं अडकवून ठेवतात.

ड्राइव्हवेवर लेगब्रेक शिकवला. तिसऱ्याच प्रयत्नाला टप्पा पडून बॉल जो वळला तो शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सवर. पोरगी हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, पण दादा, it can't bounce. मी म्हटलं, बाळ, टप्पा पडल्याशिवाय बॉल वळणार कसा? म्हणाली, it's literally a rule. वय वर्षं दहा आणि मला रूल शिकवते. टप्पा पडून वळलेला बॉल अजून यांनी बघितलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्लिश शब्द: literally. (एकच, पण पक्का.)

१९ एप्रिल, शनिवार
सुवर्णावहिनींनी किचनच्या खिडकीतून विचारलं, भाऊजी, तुम्हाला हा खेळ येतो का हो? मी म्हटलं, वहिनी, स्पिन म्हणजे स्पिन. त्या म्हणाल्या, मग बेथनीला एकदा विचारून तरी घ्या. केदारदादा कानात हेडफोन घालून कॉलवर होता. त्याने अंगठा दाखवला. झाली परवानगी.

इशिता खूश आहे. घरात दोघंही दिवसभर कॉलवर. तिच्याशी रोज तासभर खेळणारा मीच.

२४ एप्रिल, गुरुवार
दुकानात ट्रक आला. माल उतरवताना पुरुषोत्तमकाकांना (दुकानाचे मालक, पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत) माझी मेथड समजावत होतो. काका म्हणाले, अरे श्रीराम, इथे तू तांदळाची पोती उलटी रचतोस आणि तिकडे पोरींना बॉल सरळ टाकायला शिकवतोस? मी म्हटलं, सरळ नाही काका, वळणारा. फायनलला मी पाच काढल्यात. काका म्हणाले, मागच्या आठवड्यात तीन होत्या. म्हाताऱ्यांना आकडे बरे लक्षात राहतात.

टेक्सासला जाऊन ट्रक चालवावा का, हाही विचार चालू आहे. ट्रकचं लायसन्स काढायचंय.

३ मे, शनिवार
किरकोळ अडचण. इशिताने टेपवाला बॉल टाकून बघितला. पट्टी मरत आलेल्या भोवऱ्यासारखी डगमगत गेली. परत टाकला, परत तेच. आधी दहातले आठ सरळ जायचे म्हणे, आता एक. तिचे डोळे भरून आले. मी टेप सोलून काढली. अडचण संपली.

१० मे, शनिवार
पहिली मॅच माझ्या मेथडने. तपशील लिहून ठेवतो, पुढे उपयोग होईल.

पहिला बॉल: टप्पा, सुंदर वळला. अंपायर: बॉल. (म्हणजे वाइड.)
दुसरा: तसाच. अंपायर तसाच.
तिसरा: बॅटरच्या घोट्यावर. तिला फुकट फर्स्ट बेस (रनच्या चार थांब्यांतला पहिला). तिच्या आईचं तोंड सुटलं.
पुढच्या तिघींना टप्प्याटप्प्याने चालत बेसवर पाठवलं. एक रन आली.

मग बेथनीबाई मैदानात गेल्या, इशिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला राइट फील्डला उभं केलं. राइट फील्ड म्हणजे जिथे बॉल येत नाही. चांगल्या खेळाडूला विश्रांती देतात, समजू शकतो.

मैदान खराब आहे. माती फार भुसभुशीत. कोरेगावची विकेट असती तर चित्र वेगळं होतं. तिथे मी सात काढल्यात.

गाडीत इशिताला मी म्हटलं, पहिल्या मॅचला असंच होतं. ती म्हणाली, it was my sixth.

१७ मे, शनिवार
बेथनीबाई स्वतः माझ्याशी बोलायला आल्या. सात मिनिटं. wrist समजलं, please तीन वेळा समजलं. हात जोडायचेच बाकी होते. माझी मेथड मागत असणार. सध्या नाही म्हणून मान हलवली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

क्लासच्या सरांचा मेसेज: सीट अजून आहे, सोमवारी अपूर्णांकाची उजळणी. उत्तर दिलं नाही. बिझी आहे.

२५ मे, रविवार
इशिता म्हणाली, आज फक्त गुडघ्यावर बसून करूया का? मी म्हटलं, निवडीला सहा दिवस राहिले असताना माणूस मागे जात नाही. ओके म्हणाली. तासभर लेगब्रेक टाकले. तिची तर्जनी सुजलीय. स्पिनरची सुजतेच.

संध्याकाळी गाडी लावायला गेलो तर गॅरेजमध्ये ती एकटीच गुडघ्यावर बसून भिंतीवर बॉल मारत होती. मला बघून बॉल पाठीमागे लपवला.  मुलांना हौस असते.

३१ मे, शनिवार, दुपारी १
निवड झाली. इशिताची नाही.

कारणं: ऊन. नवीन कॅचर (आपला विकेटकीपर). पंचवीस बॉल टाकायला दिले, माझ्या बोलरला तेवढ्यात लय सापडत नाही. पहिले पाच टप्पे पडले. मग तिने आपल्या मनाने सरळ टाकायला सुरुवात केली, आणि आता तेही जमेना. एक कुंपणावरून गेला.

ती जागा एका लालकेशी मुलीला मिळाली. तिच्याकडे एकच बॉल आहे. सरळ. पंचवीसच्या पंचवीस तोच टाकला.

नंतर बेथनीबाई वहिनींना म्हणाल्या (वहिनींनी मला मराठीत सांगितलं), मार्चमध्ये हिचं मनगट टीममध्ये सगळ्यात चांगलं होतं, मी हिचंच नाव धरून चालले होते. आता ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून. मग खाली वाकून इशिताला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी पुढे झालो. शर्टही नीट केला. इशिताने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, no one. I made it up.

आठ आठवडे! रोज तासभर! आणि नाव घ्यायची वेळ आली तर no one. श्रेय द्यायला मोठं मन लागतं. या देशात ते नाही. टेक्सास नक्की.

संध्याकाळी ७
वहिनी जिना चढून वर आल्या. ताटात पिठलं-भात. खाली टेबलावर का बोलावलं नाही ते विचारलं नाही.

मी विषय काढलाच. म्हटलं, वहिनी, पोरीने माझं नाव घेतलं नाही, बरोबर आहे का हे? वहिनींनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, भाऊजी, मी पण तिला रागावले, खोटं का बोललीस म्हणून. गाडीत रडत होती. म्हणाली, श्रीरामदादाचं नाव सांगितलं तर कोच त्याला मैदानावर येऊ देणार नाही. आणि शनिवारी त्याला जायला दुसरं कुठे नाहीये.

वहिनी खाली गेल्या. पिठलं गार झालंय.

पोरीचा गैरसमज आहे. मला जायला पुष्कळ ठिकाणं आहेत. लिहूनच ठेवतो, म्हणजे तिला दाखवता येईल.

१) दुकान. (शनिवारी अकराला उघडतं.)
२)