विम्याचा कागद आणि एस्तेरबाई

कडेगाव, १२ जानेवारी

चि. क्रांतीस, आप्पाचा आशीर्वाद. राग हाय, पण तो वेगळा.

फोनवर माझा आवाज चढतो असं तुझी आई म्हणती, म्हणून पलटणीत असताना लिहायचो तसं कागदावर लिहून फोटो पाठवतोय. मुंबईच्या बँकेतली खुर्ची सोडून तू आफ्रिकेत मलावीला गेलीस. डेअरीवर लोक इचारत्यात. बँकेनंच पाठवलीय, असं मी सांगतो. तुझ्या स्थळाच्या इस्लामपूरच्या पाहुण्यांनाबी तेच सांगितलंय. तुझं काम एका ओळीत कळव, म्हंजे खोटं तरी नीट बोलता येईल.

तुझा,
हंबीरराव (निवृत्त सुभेदार)


मलावी, २० जानेवारी

ती. आप्पा, साष्टांग नमस्कार.

एका ओळीत सांगायचं तर, पाऊस दगा देतो तिथल्या मका पिकवणाऱ्यांना एका विमा संस्थेतर्फे पीकविमा मिळवून देणं. पहिल्या सभेत तासभर तक्ते दाखवले. एस्तेर नावाच्या म्हातारीनं दुभाष्याकरवी विचारलं, मका करपला तर हा कागद शिजवून खायचा का? सगळ्या बाया हसल्या. तू स्वतः काय पिकवलंयस, असंही विचारलं. मी तक्ते गुंडाळले. खोलीवर येऊन रडले. बँक परत घेईल म्हणते. येऊ का? आईला सांगू नका.

लोभ असावा, रागासकट.
क्रांती


कडेगाव, २५ जानेवारी

चि. क्रांतीस आशीर्वाद.

पत्र आईनंच आधी वाचलं. ती म्हणती ये. मी म्हणतो येऊ नगं. आपल्याकडं द्राक्षाचा विमा घ्या म्हणून एकजण आलता. त्याला मी याच्यापेक्षा वाईट बोललो. तो परत आलाच न्हाई, आन् पुढच्या साली गारपीट झाली. दुसऱ्यांदा आला असता तर मी सही केली असती. तू दुसऱ्यांदा जा. तक्ते नेऊ नगंस.

इस्लामपूरला खरं कळवलं, पगार निम्मा झालाय तेबी. त्यांनी स्थळ मोडलं. आईनं दोन दिवस अबोला धरलाय. घरात लय शांतता हाय.

हंबीरराव


मलावी, ९ फेब्रुवारी

ती. आप्पा, नमस्कार.

गेले. एस्तेरबाईंच्या मक्यात तीन दिवस खुरपलं, हाताला फोड आले. दोन सऱ्यांत तणाऐवजी मकाच उपटला, तेव्हा त्या डोकं धरून खाली बसल्या. मग स्वतःच बोलायला लागल्या. मागं एका विमा कंपनीचे पैसे पीक जळल्यावर वर्षानं आले होते, तोवर त्यांनी शेळ्या विकल्या होत्या. महिन्याच्या आत भरपाई, असं कलम मी वरिष्ठांकडून लिहून घेतलं. एकोणीस बायांनी नावं दिली.

एस्तेरबाईंनी दिलं नाही. एक हंगाम बघते म्हणाल्या. पण नोव्हेंबरात पेरणीला मला बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. तेव्हाच दिवाळी आहे. घरी यायचं तिकीट रद्द केलं.

आईला तुम्हीच सांगा.

तुमची,
क्रांती