चुन्याचा कोबा

२ जुलै १९४८

छपराच्या सळया येणार नाहीत. हिंदुस्थानच्या नाकेबंदीत सरहद्दीवरून निजामाच्या राज्यात लोखंड येणं बंद. हिमायतनगरातल्या आमच्या मुलींच्या शाळेला चार भिंती आहेत — काळ्या दगडाच्या, दीड हात रुंद — आणि छप्पर नाही. साठ मुली पत्र्याखाली बसतात. मुख्याध्यापिका म्हणून मी काय करायचं?

६ जुलै

परमिटावर सिमेंट मिळालं. लक्ष्मणराव वकील, आमच्या कमिटीचे अध्यक्ष, खुशीत. "सळया नंतर बघू इंदुमतीबाई. सिमेंट आलं हेच पुष्कळ."

महबूबअली उस्तादांनी पोतं फोडलं. साठीचे गवंडी, जुन्या शहरातल्या याकुतपुऱ्यातून चालत येतात. आतून मुठीएवढे खडे निघाले. एक त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "बाई, ये मर गया. दमट हवा खाके बैठा है."

लक्ष्मणराव म्हणाले, "चाळून घ्या."

उस्ताद वाद घालत नाहीत. त्यांनी चाळलं, वाळू घालून एक वीट पाडली, पाणी मारून सावलीत ठेवली. "आठ दिन देखेंगे, साब."

१५ जुलै

लक्ष्मणरावांनी ती वीट बुटाच्या टाचेनं दाबली. विटेचा भुगा झाला.

त्यांनी टाच झटकली. मग उस्तादांना विचारलं, "मग कशानं करता?" मला वकिलांबद्दल इतका आदर कधी वाटला नव्हता. चूक झाली म्हणायला किती जणांना जमतं!

उस्तादांचा बेत: आदिलाबादी सागाच्या तुळया. त्यांवर चुन्यात बसवलेल्या तिरप्या विटा. वर चुना नि विटांच्या खडीचा कोबा. लोखंड नाही, सिमेंट नाही. "मेरे बाप ने ऐसेच छतां डाले. अब्बी खडे हैं."

३ ऑगस्ट

चुना खड्ड्यात भिजतोय. नुसती वाफ. मुलींना जवळ जाऊ देत नाही. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून उस्तादांनी गूळ आणि बेलफळं मागवली. शेजारची पद्मावती विचारते, शाळेत लग्न आहे का?

२७ ऑगस्ट

तुळया चढल्या. विटा निम्म्या बसल्या. शहरात रझाकारांच्या मिरवणुका. दहा मुलींची नावं घरच्यांनी काढली — सोलापूरला चालले.

११ सप्टेंबर

आज छतावर कोबा घातला. आता तो ओला असेतो लाकडी थाप्यांनी सारखा ठोकायचा, पाच-सहा दिवस. थांबलं तर भेगा पडतात, पाणी झिरपतं, तुळया कुजतात. बारा बाया ओळीनं बसून ठोकताहेत.

१३ सप्टेंबर

हिंदुस्थानची फौज सरहद्द ओलांडून आत आली. रेडिओवर दिवसभर तेच. दुकानं बंद. बायांपैकी एकही आली नाही. साहजिक आहे.

नऊच्या सुमारास वर थापीचा आवाज. चढून बघते तर उस्ताद एकटे.

"आज कशाला आलात? रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?"

"चुना किसी के वास्ते नई रुकता, बाई."

मी पदर खोचला आणि थापी घेतली. पद्मावती आली. लक्ष्मणराव तर मला न्यायला आले होते; त्यांनी कोट काढून कठड्यावर ठेवला. चौघांनी संध्याकाळपर्यंत ठोकलं. 

१६ सप्टेंबर

उस्ताद शाळेतच राहिलेत. मी ज्वारीची भाकरी नेते, ते ठोकत असतात. माझ्या तळहातांना फोड. कोबा आता खणखणीत वाजतो.

१८ सप्टेंबर

निजामानं काल शरणागती पत्करली. सुलतान बाजारात गुलाल, पेढे. मला रडू आलं, आनंदानंच. मग उस्तादांकडे लक्ष गेलं. दाराशी टोपी हातात धरून उभे. या गुलालाच्या गर्दीतून घरी कसे जाणार?

लक्ष्मणराव म्हणाले, "माझ्याबरोबर चला." त्यांचा हात धरून गर्दीतून गेले. याकुतपुऱ्यात दारापर्यंत सोडलं, चहा पिऊन परत आले. देवा, या दोघांना माझ्या वाट्याला दिलंस.

४ ऑक्टोबर

उस्ताद पुन्हा येऊ लागलेत. वर बारीक चुन्याचा हात देऊन गोट्यानं घोटतात. फार गप्प असतात. थकले असतील म्हणून मी विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर

रात्रभर पाऊस. सकाळी कुलूप काढलं, फरशीवर हात फिरवला. कोरडी. साठांतल्या पन्नास मुली आत बसल्या. तासभर मला शिकवता येईना, नुसती त्यांच्याकडे बघत होते.

२९ ऑक्टोबर

उस्ताद आज सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. फरीदा, त्यांची नात. उदगीरजवळच्या खेड्यातली. "इसको मराठीच आती, बाई. उर्दू शाळा में गप बैठती."

बाप कुठे, मी विचारलं. उस्ताद तिची ओढणी सारखी करू लागले. तीच म्हणाली, "अब्बाला नेलं. आमच्याच गावच्या माणसांनी. फौज आल्यावर. परत आलेच नाहीत."

उस्तादांना हे सप्टेंबर अखेरीसच कळलं होतं. तेव्हापासून सगळा महिना ते आमच्याकडे काम करत होते.

प्रवेशाच्या वहीत पालक म्हणून त्यांचं नाव लिहिलं. ते म्हणाले, "मैं कितने दिन का, बाई?" त्याखाली मी माझं लिहिलं.