दादाच्या गेममधले लोक बसाले आले

बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज दादाचा गेम उघडला. तो गेल्याचं त्याच्या तिथल्या दोस्तांना सांगायचं होतं, आणि त्यांचे नंबर कुठी हायेत माझ्यापाशी? पण आपण दादाच्याच नावानं शिरून राह्यलो, हे ध्यानातच नाई आलं. नाव दिसताच धडाधड मेसेज. "भाऊ आला! कुठे होतास इतके दिवस?" मी त्याची बहीण, एवढं लिहिलं. मग बाकीचं.

एकेक जण गेममधल्या तलावावर येऊन उभा राहिला. दादा लढाया सोडून तिथंच गळ टाकून बसायचा. बाबा चिडायचे, "घरचा तलाव सोडून त्याच्यात काय मासोळ्या धरतं बे?"

एकानं आजही गळ काढला. मी लिहिलं, सुतकात आमच्याकडे पाण्यात जाळं टाकत नाई, घरचं जाळं खुंटीलेच हाये. त्यानं गळ ठेवला. मग सगळ्यांनीच. कोणी पुण्याचा, कोणी पाटण्याचा. आमचं सुतक त्यांनी काऊन पाळावं?

बाबा मागं येऊन उभे होते.

"हे कोन लोक व्हय?"

"दादाचे दोस्त. भेटाले आले."

घरी दुखवट्याले बसाले आलेल्या पाहुण्यांशी बाबा एक शब्द बोलले नव्हते. आता बराच वेळ पाहत राहिले.

"मंग उभे काऊन हायेत? बसा म्हन त्याइले."

मी तसंच लिहिलं. पाठीवर तलवारी घेतलेले ते सगळे काठानं खाली बसले.

मग बाबाही बसले.