खिसेवाला किल्ट

मी, नेटा कारगिल, कै. वॉटी कारगिल यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार आर्ब्रोथ बंदर, स्कॉटलंड, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर तो कोणाला जमलेलाही नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते मानू नये.

१. माझे राहते घर व घरातील सर्व चीजवस्तू मुलगी रोना हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. परसातले शिवणघर मात्र घरात धरू नये.

२. शिवणघर, मशिनी व किल्टचे सर्व कागदी नमुने सेंगा पेट्री हिला. अर्धे आयुष्य ती माझ्या शेजारच्या मशिनीवर बसली आहे. खिसेवाल्या किल्टचा नमुना कसा निघाला ते तिला ठाऊक आहे, पण रोना तेव्हा पाळण्यात होती, म्हणून लिहिते.

वॉटी छपरे शाकारायचा. छपरावरच्या ओल्या दगडी कौलांवरून घसरून पडला आणि पायात लोखंडी पट्टी आली. पँटची शिवण जखमेवर घासे, म्हणून तो चादर गुंडाळून घरातच बसे. हळूहळू बोलेनासा झाला. लग्नात इथल्या पुरुषांच्या रिवाजाप्रमाणे त्याने गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा लोकरी किल्ट घातला होता, पण तो भाड्याचा. विकत घेणे आमच्यासारख्यांना परवडतच नसे. माझा थोरला भाऊ अर्ची याचे हाय स्ट्रीटवर वडिलांच्या वेळचे किल्टचे दुकान. मीही तिथेच चुण्या घालायला शिकले. त्याच्याकडे उरलेसुरले कापड मागितले, तर म्हणाला, "आठ वार लोकर, नाहीतर काही नाही. चिंध्यांचा किल्ट होत नसतो, नेटा."

मग मी होड्यांचे सामान विकणाऱ्याकडून जाड सुती कापड आणले आणि त्याचा किल्ट शिवला. चुण्या निम्म्या, बकलांऐवजी टिचबटणे, घरी धुता येईल असा, आणि दोन्ही अंगांना हातोडी मावेल एवढे खिसे. वॉटी तो घालून, काठी टेकत बंदरावर गेला. मी मागे होतेच. माशांना धुरी देणारा डॉड ओरडला, "काय रे वॉटी, बायकोचा घागरा पळवलास वाटतं!"

"पळवला नाही, तिनंच शिवलाय," वॉटी म्हणाला. "खिसा बघ केवढा आहे. घाल हात. बास बास, आता काढ बाहेर, लोक बघतायत!"

अख्खे बंदर हसले, आणि वॉटीही. पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. त्याच आठवड्यात डॉड माझ्या मागच्या दाराशी आला. "माझ्या पोटाच्या मापाचा होईल का गं?" मग पोस्टमन आला, बसवाले आले. वॉटी पुन्हा छपरावर चढला नाही. शेवटपर्यंत माझ्यासाठी कापड बेतत राहिला, गुणगुणत, बेसूर.

सेंगाने खिसे कधीही कमी करू नयेत. किंमत अशी ठेवावी की मजुराला किल्ट घेताना बायकोचे तोंड बघावे लागू नये.

३. डॉडला काही नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणतात. मला हा नियम फार आवडला.

४. वडिलांची मोठी कात्री अर्चीला. वडिलांनी दुकान त्याला दिले आणि कात्री मला. ते त्याला कधी पचले नाही. माझ्या किल्टांना तो "एप्रन" म्हणे, आणि मला पाहून रस्ता ओलांडे. वॉटीला मूठमाती द्यायला सगळे बंदर माझे किल्ट घालून आले, तेव्हा अर्ची मागे उभा होता. वाकून डॉडच्या किल्टचा काठ पाहिला, "शिवण सरळ आहे" म्हणाला, आणि निघून गेला. गेल्या हिवाळ्यात मात्र परसातून आला. त्याच्या कंबरेला आता लोकरीचे ओझे पेलवत नाही. "एक शिव. काळा. आणि कुणाला सांगू नकोस." शिवला. तो घरातच घालतो.

म्हणून कच्च्या मसुद्यात मी अट घातली होती, की कात्री हवी असेल तर माझ्या अंत्ययात्रेत त्याने तोच किल्ट घालून, स्वतःच्या दुकानासमोरून चालावे.

काल तो मसुदा त्याला वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला, "तू मरायची वाट कोण बघणार? तुझा काही भरवसा नाही. थांब, बदलून येतो. तू कोट घाल."

भर बाजाराच्या वेळी आम्ही दोघे हाय स्ट्रीटवरून गेलो. त्याच्या दुकानातला विक्रेता दारात आ वासून उभा. "बघतोस काय?" अर्ची त्याच्यावर खेकसला. "माझ्या बहिणीनं शिवलाय."

सबब वरील अट पूर्ण झाली आहे. कात्री मी त्याला कालच दिली. माझ्या मागे ती घरात शोधू नये.

सही: नेटा कारगिल

साक्षीदार: डॉड मिल्न, धुरीवाला
एल्मा लॉरी, शेजारीण

ठिकाण: आर्ब्रोथ
दिनांक: १२ मे २०१९