ऐकणारीचा पाट

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अर्धं पान कोरं! एका ओळीत दोन शब्द, खालच्या ओळीत एकच. यमक नाही, चाल नाही, आणि म्हणे कादंबरी. तरण्या पोरी असलंच वाचतात आता.

शिवलीलाच्या आईनं हे पुस्तक आणून दिलं. म्हणाली, तुमची नात नि माझी पोर आमच्या गच्चीवर बसून हेच वाचायच्या, घरात ठेववत नाही. मधे बसचं तिकीट खुणेला. तिथवर वाचून झालं आणि शिवलीलाला ताप आला. डेंगी. जुलैत गेली पोर.

तेव्हापासून आमची सुप्रीता बोलत नाही. नात माझी, शिवलीलाची जिवाची मैत्रीण. एक शब्द नाही तोंडातून. मल्लेश्वरमचे डॉक्टर म्हणतात, स्वल्प टाइम द्या. किती द्यायचा?

१४ सप्टेंबर

नागराज म्हणाला, आई, तूच वाचून दाखव तिला, मला रडू येतं. बाप झाला नि रडतो! सरी, वाचते, म्हटलं.

मी चौथी शिकलेली. पण ओळी आखूड, दम लागायच्या आत संपतात. पोथी कधी इतकी सोपी गेली नाही मला.

चहा झाल्यावर हॉलमध्ये बसले. समोर पाट मांडला. माहेरी निपाणीला पोथी वाचताना एक पाट रिकामा ठेवायचे. मारुती ऐकायला येतो म्हणून. पोथी पुरी झाली की नारळ ठेवून निरोप द्यायचा, मगच पाट उचलायचा. ही काही पोथी नव्हे. पण पाटाशिवाय माझ्या तोंडून वाचन निघत नाही. सवय!

सुप्रीता दारात उभी. आत आली नाही.

१५ सप्टेंबर

गोष्ट अशी — एक मुलगी तापानं मेलीय आणि तिला ते ठाऊकच नाही. घरभर फिरते. आईला हाक मारते, कुणी ओ देत नाही. लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही? चांगलं पुस्तक मिळालं पोरींना!

तिकिटाच्या पुढं गेले आज.

१७ सप्टेंबर

मांजर पाटाला वळसा घालून जातं. एरवी त्याच पाटावर झोपायचं.

१८ सप्टेंबर

कोरी जागा आली की मी थांबते. थांबले की समोरून श्वास ऐकू येतो. हळू. पुढं काय, म्हणून वाट बघणाऱ्याचा. वर विमानं घरघरत होती तरी ऐकू आला. कान म्हातारे झाले, दुसरं काय.

सुप्रीता आज आत आली. पाटाशेजारी फरशीवर बसली. मी म्हटलं, अगं पाटावर बस, गार लागेल. तिनं मान हलवली. पाटाकडे बघून हसली!

जुलैनंतर पहिल्यांदा. नागराज यशवंतपूरला ड्यूटीवर होता, फोन करून सांगितलं.

२० सप्टेंबर

पाट हाताला कोमट लागला. तिथं ऊन येत नाही.

शिवलीला डावखुरी. आमच्याकडं जेवायला बसली की डाव्या हातानं भाकरी मोडायची, मी हातावर चापट मारायची. दात काढायची नुसती. “अव्वा, हा हात पण देवानंच दिलाय की.” सुप्रीता मला अज्जी म्हणते. अव्वा म्हणणारी ती एकटी.

मी भिणारी बाई नव्हे. पण हे लांबवायला नको. सुप्रीताचं लक्ष पुस्तकात नाही, पाटात आहे. उद्या संपवते, नारळ ठेवते, पाट उचलते. जिला जायचंय तिनं जावं, माझ्या पोरीला सोडावं.

२१ सप्टेंबर

संपलं एकदाचं. त्या मुलीला शेवटी कळतं. आईच्या उशाशी येऊन बसते. मग पुढं पानंच्या पानं कोरी, मधोमध एकेक शब्द. कागदाची नासाडी! सगळी एकदम उलटली.

नारळ ठेवला. म्हटलं, ये आता बाई. पाट उचलला. जड लागला. भिंतीला टेकवला.

सुप्रीता नुसती माझ्याकडं बघत राहिली.

२२ सप्टेंबर, सकाळी

चैन पडेना. गाळलेली पानं काढली, एकेक शब्द जोडत गेले. ती मुलगी दारात उभी राहून निरोप घेते. आईचा. घराचा. मैत्रिणीचा. अगदी शेवटच्या पानावर — जाते.

एवढंच वाचायचं होतं. मी तेच उलटून टाकलं! बसायची जागा काढून घेतली आणि दार दाखवलंच नाही.

संध्याकाळी पाट परत मांडते. पान न पान वाचीन.

२२ सप्टेंबर, दुपारी

सुप्रीता बोलली. ताटावर बसली आणि बोलली. नागराज ढसाढसा रडला.

“अव्वा, अजून एक भाकरी वाढ.”

वाढली. तिनं डाव्या हातानं मोडली.