दोन्ही वायरी एकाच यूपीएसला

११ मे, सोमवार
दुपारी ए-यूपीएस बंद पडला आणि हॉस्पिटलचं अख्खं नेटवर्क गेलं. जायला नको होतं. ए गेला की रॅकमधला ऑटोमॅटिक स्विच लोड बी-यूपीएसवर टाकतो, कोणाला कळतही नाही. धावत गेले. स्विचच्या दोन्ही वायरी ए मध्येच. मीच लावलेल्या, बी चं सॉकेट बदलताना. नंतर एक परत बी मध्ये लावायची, ती राहूनच गेली...
कोणी यायच्या आत एक प्लग बी मध्ये खोचला. रॅकचे दिवे लागले. मागोमाग शेषरावभाऊ आले. नेटवर्क माझ्याकडे; यूपीएस, बॅटऱ्या त्यांच्याकडे, कंत्राटावर. काय झालं विचारत होते. म्हटलं, बघून राहिले.

सगळं परत सुरू होईपर्यंत लॅबचे रिपोर्ट अडकले. इमर्जन्सीत कळमेश्वरच्या एक आजी होत्या. त्यांची मुलगी लॅबच्या खिडकीशी उभी राहून नुसती विचारत होती. शेवटी नर्सनं रिपोर्ट हातानं लिहून नेला. आजी आयसीयूत.

१२ मे, मंगळ
मीटिंग. आमच्या साहेबांनी मला शाबासकी दिली, लवकर चालू केलं म्हणून. शे.भाऊंना सगळ्यांसमोर झापलं. बॅटऱ्या पाहत नाही म्हणे. भाऊ म्हणाले, बॅटऱ्या ठीक आहेत, खोलीचा एसी बंद पडला, ए तापला. पण बी नं लोड काहून नाही घेतला? बरोबर प्रश्न. साहेबांनी ऐकून घेतला नाही.
मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, लाजली.

१४ मे
आजी वॉर्डात आल्या. मी डोकावले तेव्हा पेज खाऊन राहिल्या होत्या. इतकं हलकं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. म्हणजे आता सांगायची गरज नाही, असं मनात आलंच होतं. मुलीनं माझं आयकार्ड पाहिलं. "तुम्हीच चालू केलं न ताई?" हो म्हटलं.

१६ मे, शनि
शे.भाऊंचं कंत्राट काढून घेतलं. यूपीएसच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याच हातात देऊन गेले. बी चा पंखा आवाज करते, लक्ष ठेवा म्हणाले.
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, डोकं दुखतं म्हटलं.

१७ मे, रवि
सकाळी इतवारीत गेले, शे.भाऊंच्या घरी. ते दारात गाडी पुसत होते. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वायरी, खोचलेला प्लग, सगळं. ते पुसतच राहिले. मग फडकं पिळलं.
"साहेबाले सांगतलं?"
"नाही अजून."
"मग मले काहून सांगून राहिल्या, ताई?"
आवाज चढला नव्हता. वहिनींनी आतून चहा आणला, त्यांना काही माहीत नव्हतं. बसा म्हणाल्या. प्यायले.
घरी आल्यावर साहेबांना मेसेज टाकला: उद्या भेटायचं आहे, सोमवारी नेटवर्क गेलं त्याबद्दल.
लगेच उत्तर. "ते मिटलं ना? अजून काय?"
मी वाचलंय हे त्यांना दिसत असेल. लिहिते, खोडते...